खोली तीच, किल्ली कुणाकडे?

वरळीच्या बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत स्थापन झालेल्या 'बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट'ने १९२० नंतरच्या चार-पाच वर्षांत वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथे अशा २०७ चाळी उभ्या केल्या. तळमजला आणि वर तीन मजले, मधून बोळ, बोळाच्या दोन्ही अंगांना खोल्या, संडास सामाईक. बेत पन्नास हजार खोल्यांचा होता. तो सोळा-साडेसोळा हजारांवर येऊन थांबला आणि त्यातल्याही कितीतरी खोल्या सुरुवातीला रिकाम्याच पडून राहिल्या, कारण गिरणी कामगाराला वरळी लांब पडायची आणि भाडं जड जायचं. पुढे कायदेभंगाच्या चळवळीत सत्याग्रही तुरुंगात मावेनात, तेव्हा सरकारने वरळीतल्या काही चाळींचाच तात्पुरता तुरुंग केला. नंतर त्याच चाळींत कोकणातून आणि घाटावरून आलेल्यांनी बिऱ्हाडं थाटली. तिथे बारशी झाली, लग्नं झाली, दहावीचे निकाल लागले, पेढे वाटले गेले.

तुरुंग म्हणून चाललेल्या भिंती घर म्हणूनही चालल्या. भिंत तसूभरही हलली नव्हती. मग बदललं काय?

याचं तयार उत्तर आपल्याकडे आहे. सगळं मानण्यावर असतं, मानलं तर घर, नाहीतर कोंडवाडा. प्रवचनापासून सकाळच्या व्हॉट्सअ‍ॅपपर्यंत हे उत्तर आपल्याला रोज भेटतं आणि त्यात तथ्य नाही असंही नाही. तोच पाऊस शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसलेल्याला सुखाचा वाटतो आणि हिंदमाताला गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्याला नकोसा होतो. अनुभव नजरेतून घडतो, हे मला मान्य आहे. माझा प्रश्न त्याच्या अलीकडचा आहे. ती नजर कशाने घडते? आपण चटकन स्वभावाकडे बोट दाखवतो: हा आनंदी माणूस, ती कुरकुरी बाई. माझं म्हणणं असं की, नजर घडवण्यात स्वभावाहून मोठा वाटा एका व्यवहारी गोष्टीचा असतो. समोरच्या परिस्थितीतलं काय काय आपल्या हातात आहे आणि ती नकोशी झाली तर तिथून उठून जाता येतं का?

चाळीबद्दल मराठीत जे लिहिलं गेलं ते या प्रश्नाच्या उजेडात वाचून पाहावं. पु. ल. देशपांड्यांची 'बटाट्याची चाळ' १९५८ साली पुस्तकरूपाने आली आणि मध्यमवर्गीय मराठी माणसाने तिच्यात स्वतःला पाहून पोटभर हसून घेतलं. साठच्या दशकात भाऊ पाध्यांची 'वैतागवाडी' आली. मुंबईत डोक्यावर छप्पर मिळवताना माणसाचा जीव कसा मेटाकुटीला येतो, हा तिचा विषय. आणि नव्वदच्या दशकात जयंत पवारांच्या 'अधांतर'ने गिरणी संपानंतरच्या लालबाग-परळमधलं एक कुटुंब एका खोलीत आपल्यासमोर उभं केलं. तिन्हीकडे जागेची टंचाई आहे, तिन्हीकडे माणसं एकमेकांच्या अंगावर राहतात. पण पुलंच्या भाडेकरूंची नोकरी शाबूत आहे, मुलं शिकताहेत, आज ना उद्या उपनगरात ब्लॉक होईल अशी आशा त्या वर्गाला होती. अडचणीला हसायला लागणारी उसंत त्या आशेतून येते. 'अधांतर'मधल्या खोलीबाहेरची वाट १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपाने बंद करून टाकली होती. तिथे तीच अडचण माणसं फोडते. या फरकाला लेखकांच्या स्वभावाचा फरक म्हणणं सोपं आहे, पण मला तो माणसांच्या हातात काय उरलं होतं याचा फरक वाटतो.

पुस्तकं बाजूला ठेवू. आमच्या घरात लग्नकार्याला सगळे जमले की गिरगावातल्या जुन्या चाळीचा विषय निघतोच. काका सुरू करतात. गॅलरीत ओळीने पसरलेल्या गाद्या, पावडर टाकून गुळगुळीत केलेला कॅरम, एका रेडिओभोवती जमलेले दोन मजले, दिवाळीला गॅलरीभर लागलेले एकसारखे कंदील. "काय दिवस होते! दार म्हणून कधी बंद नसायचं." मुलं हरखून ऐकतात. मग आत्या शांतपणे म्हणते, "दादा, तुला गॅलरी आठवते. मला मोरी आठवते."

तिची मोरी म्हणजे खोलीच्या कोपऱ्यातली हातभर लांबरुंद जागा. कमरेएवढी भिंत, वर दोरीला अडकवलेला पडदा. घरातले पुरुष आंघोळी उरकून कामावर गेल्याशिवाय बायकांची आंघोळ नाही, आणि तेव्हासुद्धा एक कान दाराकडे. पहाटे पाणी यायचं, म्हणून पहाटे उठायचं ते तिने. पिंप भरायचं, हंडे भरायचे, शेवटी डालड्याचे डबेही भरून ठेवायचे. संडास बोळाच्या टोकाला, तिथे रांग, आणि हातात डबा घेऊन गॅलरीतून सगळ्यांच्या नजरेसमोरून जायचं. काका ज्या गॅलरीत मोकळा श्वास घ्यायचे, तीच गॅलरी आत्याला रोज सकाळी ओलांडायची परीक्षा वाटायची. कधीही बंद नसलेल्या दाराचं काकांना कौतुक, आणि आत्याला ते दार कधीतरी बंद करायचं होतं.

लक्षात घेण्यासारखं हे की, स्वभावाने आत्या आमच्या घरातली सगळ्यात हसरी. नकला कराव्यात तर तिनेच. काका मात्र भाजीत मीठ कमी पडलं तरी कपाळाला आठ्या घालणारे. नजर स्वभावाने घडत असती, तर चाळीचे गोडवे आत्याने गायला हवे होते. काकांना खोली नकोशी झाली की ते गॅलरीत जात, गॅलरी नकोशी झाली की नाक्यावर, नाका नकोसा झाला की चौपाटीवर. आत्याची हद्द चूल ते नळ. दोघं एका चाळीत वाढले हे कागदोपत्री खरं. अनुभवाच्या हिशेबात त्या दोन चाळी होत्या.

यावर कुणी म्हणेल की, हे एका घरातलं उणंदुणं झालं, त्यावरून सिद्धांत कसा मांडायचा? तर एक प्रयोग सांगतो. डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी शहरी जीवनातल्या ताणावर प्रयोग केले आणि १९७२ मध्ये ते पुस्तकरूपाने मांडले. त्यांनी काही जणांना कानठळ्या बसवणारा, मध्येच केव्हाही सुरू होणारा आवाज ऐकवला. टाइपरायटर, कचेरीतली यंत्रं, परक्या भाषांतली बोलणी असं सगळं त्यात कालवलेलं होतं. त्यातल्या काहींच्या हाताशी एक बटण दिलं आणि सांगितलं, अगदीच असह्य झालं तर हे दाबा, आवाज थांबेल. पण शक्यतो दाबू नका. बहुतेकांनी ते दाबलं नाही. म्हणजे दोन्ही गटांच्या कानांवर सारखाच गोंगाट आदळला. पण नंतर दोघांना न सुटणारी कोडी घातली आणि मुद्रितं तपासायला दिली, तेव्हा बटण असलेले लोक कितीतरी अधिक चिकाटीने बसले आणि त्यांच्या नजरेतून चुकाही कमी निसटल्या. बटण नुसतं असण्याने गोंगाटाचं ओझं हलकं झालं होतं.

गिरणगावाला हा प्रयोग नवा नाही. कायम कामगाराच्या कानावर गिरणीचा भोंगा पडायचा तो घड्याळासारखा. ऊठ, डबा घे, पाळीला नीघ. बदली कामगाराच्या कानावर तोच भोंगा पडायचा आणि पोटात गोळा यायचा: आज गेटवर नाव पुकारलं जाईल की हात हलवत परत यावं लागेल? आवाज तेवढाच मोठा, यायचा तो एकाच धुरांड्याशेजारून. गणपतीत लालबागच्या नाक्यावर ढोल-ताशाचं पथक वाजतं तेव्हाही असंच. कमरेला ढोल बांधलेल्या मुलाला तो आवाज नशेसारखा चढतो, कारण टिपरू त्याच्या हातात आहे. समोरच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याला तोच आवाज छातीवर बसल्यासारखा वाटतो. आपण त्या म्हाताऱ्याला 'वर्षातून दहाच दिवस तर असतात' असं समजावतो. त्याच्या हातात बटण नाही, हे त्याचं खरं दुखणं आपल्या लक्षात येत नाही.

याचा सगळ्यात कठोर पुरावा या शहराच्या इतिहासात आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रुग्ण ओळखला. साथ पसरली, तसे महापालिकेचे अधिकारी चाळींत शिरू लागले. संशयिताला उचलून आर्थर रोडच्या रुग्णालयात न्यायचं, घरच्यांना वेगळं काढायचं, सामान जाळायचं, भिंतींना चुना फासायचा. ऑक्टोबरअखेर गिरणी कामगारांचा मोठा जमाव त्या रुग्णालयावर चालून गेला. इंग्रजी अंमलदारांनी याला अडाणीपणा आणि अंधश्रद्धा ठरवलं. पण कामगाराच्या जागी उभं राहून पाहा. त्याने आपल्या शेजाऱ्याला तिकडे जाताना पाहिलेलं असे, परत येताना क्वचितच. आत काय चालतं ते बघायची सोय नाही, जातीचं माणूस जवळ नाही, अन्नपाणी कुणाच्या हातचं ते ठाऊक नाही, आणि नाही म्हणायची मुभा नाही. रुग्णालय त्याच्या नजरेला मृत्यूचं घर दिसलं, ते डोळ्यांतल्या दोषामुळे नव्हे.

पुढच्या वर्षी जनरल गॅटेकर यांच्या प्लेग समितीच्या काळात वेगवेगळ्या जातींना आणि समाजांना आपापली प्लेग रुग्णालयं काढायला उत्तेजन मिळालं. रोग तोच, औषध म्हणावं असं तेव्हाही हाताशी नव्हतं, आणि रुग्णाला घरापासून वेगळं काढणंही तेच. पण दारावर ओळखीचा माणूस होता, नातलगाला जवळ बसता येत होतं, आणि पुष्कळांना रुग्णालय सोसवू लागलं. तंटे एकदम संपले असं नाही. १८९८ च्या मार्चमध्ये तपासणी पथकावरून मोठी दंगल उसळलीच, आणि त्यानंतर सरकारला सक्तीचा पाय आणखी मागे घ्यावा लागला. लोकांची समजूत बदलावी म्हणून कुणी व्याख्यानं देत बसलं असतं, तर साथ संपेपर्यंत ती बदलली नसती. व्यवस्थेतला अधिकार थोडा सरकला आणि समजूत आपोआप बदलली.

इथे माझ्याच म्हणण्याला एक आक्षेप घेता येतो. लालबागच्या राजाच्या नवसाच्या रांगेत माणसं तासन्‌तास उभी राहतात, रात्र काढतात, पाय सुजवून घेतात. तिथे त्यांच्या हातात काय असतं? आणि तरी दर्शन झाल्यावर ती तृप्त चेहऱ्याने बाहेर पडतात. त्याच घरातली माणसं जवळच्याच केईएमच्या बाह्यरुग्ण विभागात केसपेपर हातात धरून दोन तास बसली की मेटाकुटीला येतात. आक्षेप रास्त आहे. अनुभवाला अर्थ लागतो तेव्हा त्रासाची जात बदलते. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर हेन्री बीचर या अमेरिकन डॉक्टरला आढळलं की, गंभीर जखमी सैनिकांपैकी पुष्कळ जण वेदनाशामक मागतच नाहीत. शांततेच्या काळात तशाच शस्त्रक्रिया झालेले नागरिक मात्र बहुतेक सगळे मागत. सैनिकाला जखम म्हणजे रणांगणातून सुटका होती, नागरिकाला ती आयुष्यावर कोसळलेली आपत्ती.

पण ही दोन्ही उदाहरणं नीट पाहिली की मुद्दा आणखी पक्का होतो. नवस ज्याचा त्याने बोललेला असतो. रांगेत उभं राहायचं त्याने ठरवलेलं असतं, मुखदर्शनाची छोटी रांग त्याला खुली असते, आणि कंटाळा आला तर घरी जायलाही कुणाची आडकाठी नसते. तो अर्थ त्याने स्वतः निवडलेला आहे. केईएमच्या बाकावर बसलेल्याने आजार निवडलेला नाही, आणि तिथून उठून खासगी दवाखान्यात जायला खिशात पैसे नाहीत. १९३४ साली कोळी आणि बाजारातल्या व्यापाऱ्यांनी स्वतःच्या नवसातून उभा केलेला लालबागचा राजा म्हणूनच त्यांचा वाटला. रांगेतल्या बांबूंमुळे दहा दिवस ज्याला आपल्याच गल्लीत वळसे घालून यावं लागतं, त्या रहिवाशाला विचारा. श्रद्धा त्याचीही असते, पण त्याची रांग त्याने निवडलेली नसते.

आता या सगळ्याची धोकादायक बाजू. हातात काही नसतं तेव्हा माणूस रडत बसत नाही, तो रुळतो. सारखं दुखणं मन नोंदवायचंच सोडून देतं. एल्फिन्स्टन रोड आणि परळ ही दोन स्थानकं जोडणारा पादचारी पूल गिरण्यांच्या काळातला. गिरण्या गेल्या, त्यांच्या जागी काचेच्या कचेऱ्या आल्या, रोज लाखभर नवी पावलं त्या परिसरात उतरू लागली, पूल मात्र तेवढाच राहिला. तक्रारी होत होत्या. पण रोज सकाळी त्या जिन्यात छातीला पाठ लावून सरकणाऱ्याला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, 'हे रोजचंच आहे.' २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी पाऊस आला, माणसं आडोशाला जिन्यातच थांबली, मागून गाड्या रिकाम्या होत राहिल्या, आणि चेंगराचेंगरीत २३ जण गेले. त्या दिवशी गर्दी नेहमीहून फार वेगळी होती असं नाही. इतकी वर्षं ती धोक्याची वाटत नव्हती, एवढंच. 'रोजचंच आहे' ही नजर जगायला मदत करते आणि तीच नजर मरणाला जागा करून देते. अशा प्रत्येक घटनेनंतर दुसऱ्या दिवशी लोक कामावर जातात आणि आपण त्याला 'मुंबईचं स्पिरिट' म्हणून टाळ्या वाजवतो. रजा कापली जाईल म्हणून निघालेल्या माणसाच्या चेहऱ्यावर ते स्पिरिट आपण बाहेरून चिकटवलेलं असतं.

प्रेरणादायी गोष्टी सांगणारे आणखी एक उदाहरण नेहमी पुढे करतात. बाबासाहेब आंबेडकर परळच्या चाळीतल्या एका खोलीत शिकले. खोलीत जागाच नसल्यामुळे मुलगा रात्री लवकर झोपे, वडील जागे राहून दोन वाजता त्याला उठवत आणि मग तो दिव्याच्या उजेडात पहाटेपर्यंत वाचत बसे. गोष्ट खरी आहे. पण तिचं तात्पर्य 'मनात असलं की खोली लहान राहत नाही' असं काढणारे पुढचं पान वाचत नाहीत. पुढे परळच्याच बीआयटी चाळीत बाबासाहेबांनी वीसेक वर्षं काढली आणि ऐपत आली तेव्हा दादरच्या हिंदू कॉलनीत 'राजगृह' बांधलं, ते मुख्यतः पुस्तकांना जागा हवी म्हणून. खोली लहान आहे हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे विणकाम विभागात, धागा तोंडाने ओढावा लागतो म्हणून दलित कामगारांना तिथे घेत नसत, तेव्हा त्यांनी कामगारांना नजर बदला असं सांगितलं नाही. दार उघडा असं गिरणीला आणि युनियनला सांगितलं. 'आमच्या चाळीत सगळे एका घरासारखे' हे वाक्य बोलताना आपणही एकदा आठवून पाहावं, की त्या चाळीत कुणाला खोली भाड्याने मिळतच नव्हती.

परिस्थितीपुढे हात टेकलेले असतानाही मन शांत ठेवणारी माणसं असतात. संतांनी तेच शिकवलं, आणि ती शिकवण खोटी नाही. फक्त ती कोण कुणाला सांगतो हे पाहावं लागतं. 'आहे त्यात सुख मान' हे स्वतःला सांगितलं तर शहाणपण असतं. मालकाने भाडेकरूला, अधिकाऱ्याने रांगेतल्या माणसाला, घरातल्या पुरुषाने मोरीपाशी उभ्या असलेल्या बाईला सांगितलं, तर ते हात झटकणं असतं.

हा प्रश्न आज पुन्हा दारात आला आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. गिरगाव, लालबाग, परळमध्ये चाळींच्या जागी मनोरे उठताहेत. एक बाजू म्हणते, शेजार गेला, गॅलरी गेली, माणसं बंद दारांआड गेली. दुसरी म्हणते, स्वतःचा संडास मिळाला, मुलीला कपडे बदलायला दार मिळालं, आणखी काय हवं? वर्तमानपत्रं पहिल्या बाजूचे लेख छापतात, कारण लिहिणारे बहुतेक चाळ सोडून गेलेले आणि गॅलरीत वाढलेले असतात. दुसऱ्या बाजूची माणसं लेख लिहीत नाहीत, ती घर लावण्यात गुंतलेली असतात. दोघांचा अनुभव खरा आहे. पण खरा आहे म्हणून दोन्हींचं वजन सारखं होत नाही. ज्याला चाळ सोडून जाता आलं त्याची हुरहूर आणि जिला सोडता आली नाही तिची घुसमट एका तागडीत घालता येत नाही.

म्हणून वाद 'चाळ बरी की टॉवर' असा घालण्यात अर्थ नाही. विचारायला हवं ते वेगळंच. नव्या इमारतीत देखभालीचा खर्च कोण ठरवणार? तो झेपला नाही तर घर विकून विरार-बदलापूर गाठणं ही निवड म्हणायची की हकालपट्टी? लिफ्ट बंद पडली तर विसाव्या मजल्यावरची आजी कुणाला जाब विचारणार? उत्सवाचा आवाज किती, हे ठरवताना अंथरुणावरच्या माणसाचं मत घेणार का? या प्रश्नांची उत्तरं रहिवाशांच्या हातात राहिली तर तेविसाव्या मजल्यावरही शेजार जमेल, आणि हौसेने जमलेला शेजार नाइलाजाने जमलेल्या शेजारापेक्षा टिकाऊ असतो. ती उत्तरं बिल्डरच्या आणि कचेरीच्या हातात गेली, तर ५०० चौरस फुटांतही जीव गुदमरेल. तेव्हा कुणीतरी येऊन सांगेलच की, सगळं पाहण्यावर असतं. त्याला एवढंच विचारावं: तुमचा मुक्काम इथे किती दिवस आहे, आणि परत जायचं तिकीट खिशात आहे का?